दाराआडची रायफल

प्रिय केल्सी,

फोन न करता कागद घेऊन बसलेय, त्यावरूनच ओळख की काहीतरी आहे. घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. मी धडधाकट, कुत्रा धडधाकट, ट्रक तेवढा खोकतो. फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. मी एक बोलते, तू दोन बोलतेस, मग तुला कामावर जायचं असतं आणि मी मुक्या फोनला शिव्या घालत बसते. कागदाला मध्येच तोडता येत नाही. सातवीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, तेव्हा चुका दिसतील त्या गिळ आणि पुढे वाच. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

सरळ सांगते. मला बंदूक घ्यायचीय. स्वतःची, नवी.

आपटलास कागद? आता उचल. तू ईस्टरला काय म्हणालीस ते मी विसरलेले नाही. हॅम अजून कापलंही नव्हतं. विनी नुकतीच पावलं टाकायला लागलेली, भिंत धरून धरून स्वयंपाकघराच्या दाराआड गेली, आणि तिथे तुझ्या बापाची रायफल उभी होती, जशी नेहमी असते. ह्या भागात कुणाच्या दाराआड नसते? झाडू, छत्री आणि रायफल. अस्वल कचऱ्यात तोंड घालतं, कोयोटी कोंबड्यांवर येतात, तेव्हा काय किल्ल्या शोधत बसायचं? विनीनं नळीवर तळहात ठेवला आणि आपल्याकडे बघून हसली, तिला वाटलं असेल काठी आहे. तू अशी पांढरी पडलीस की मला वाटलं तुलाच काही झालं. पोरीला उचललंस, तिचा कोटसुद्धा धड घातला नाहीस. "ह्या घरात बंदूक अशी मोकळी उभी आहे तोवर विनी ह्या घरात येणार नाही." मीही गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हटलं, "तू ह्याच घरात वाढलीस, ती तिथेच उभी होती, तुला काय झालं?" तेव्हा तू दारात वळून म्हणालीस, "मला काय झालं ते तुला खरंच माहीत नाही?" आणि गाडी गेली. हॅम मी आणि कुत्र्यानं चार दिवस खाल्लं.

ते वाक्य मी उन्हाळाभर चघळलं. च्युइंगगमसारखं. चव गेली तरी थुंकता येईना.

तेव्हापासून विनी मला फोनच्या काचेत दिसते. तीही अर्धी. एकदा नाक, एकदा कपाळ. तिला वाटतं आजी म्हणजे एक चौकोन आहे आणि त्यात सतत "ऐकू येतंय का" असं ओरडणारी बाई राहते. मेमध्ये लॉयडकाकाला बोलावून मी ती रायफल देऊन टाकली. ती होती तुझ्या आजोबांची, तुझ्या बापानंतर ती त्याच्या भावाकडेच जायची, मी काही उपकार केले नाहीत. तुला सांगितलं तर म्हणालीस, "बरं झालं." पण आली नाहीस. कामाचं सांगितलंस. असेल काम. मी काही विचारलं नाही, माझ्या स्वभावात नसताना विचारलं नाही, एवढं लक्षात घे.

मग ऑगस्टमध्ये मिसेस हेगनच्या घरी चोर शिरले. आपल्या वळणाच्या खालचं घर, तुला ती हकलबेरीचा जॅम द्यायची ती म्हातारी. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना. म्हातारा बेरी काढायला वर डोंगरात गेलेला, गाडी अंगणात नव्हती, तेव्हा त्यांना वाटलं घर रिकामं. म्हातारी न्हाणीघरात कडी लावून बसली, फोनला रेंज नाही, आणि दाराबाहेर दोन माणसं तिचा जनरेटर ओढत नेताना एकमेकांशी पगाराच्या गप्पा मारतायत. ते गेल्यावर अंगणात येऊन तिनं फोन लावला, तरी शेरीफचा माणूस यायला तासावर तास गेला, अख्ख्या काउंटीत पोलिसांच्या गाड्या किती असतात ते तू जाणतेस. म्हातारीला ओरखडा आला नाही. पण आता ती दिवसासुद्धा रेडिओ लावत नाही, बाहेरचं ऐकू यायला हवं म्हणून. तिच्याकडे जाऊन आले आणि घरी येऊन दार लावलं तर कोपरा रिकामा. केल्सी, मला भीती वाटली. मला. जिवंत रानडुकराला लाथ घालणारी बाई मी. मला माझ्या घरात भीती वाटून घ्यायची नाही, मग चोर येवो न येवो.

लॉयडला सांगितलं तर त्याच्या अंगात आलं. आम्ही शेडमध्ये सुऱ्यांना धार लावत होतो, लवकरच शिकारी लोकांची हरणं आणि एल्क यायला लागतील, की मग मला मांस कापून कागदात गुंडाळण्यापलीकडे जग नाही. त्यानं सुरी ठेवली. "वहिनी, मी निवडतो. तू फक्त ट्रकमध्ये बस." म्हटलं, "वापरणार मी आणि निवडणार तू? तुझी चड्डी मी निवडते का?" पण ट्रक त्याचा चांगला, म्हणून बसले.

दुकान आर्डिथचं. तुमची शाळेची बस चालवायची तीच आर्डिथ. नवरा गेल्यावर बंदुकांचं दुकान तिच्या गळ्यात पडलं, आणि ती आता ग्राहकांना पोरांसारखं वागवते. आत गेलो तर लॉयडनं भिंतीवरची काळी, सैनिकी दिसणारी रायफल दाखवली. "ती काढ." आर्डिथ जागची हलली नाही. "कोणाला हवीय?" "वहिनीला." "मग वहिनीला जीभ नाही का?" मला बाई आवडली. तिनं विचारलं, कशाला हवी. म्हटलं, घराला. "नुसती घराला?" म्हटलं, आणखी काय, लग्नात नाचायला? ती म्हणाली, "नुसती घराला म्हणून घेतलेली बंदूक कपाटात पडून राहते, आणि नेमक्या वेळी तुझे हात तिला ओळखत नाहीत. मजेला उडवणार असशील तरच घे. दर गुरुवारी संध्याकाळी जुन्या खडीच्या खाणीत आम्ही बायका जमतो. गोळ्यांनी पत्रे वाजवतो, मग जेवतो. येशील?" म्हटलं, जेवायला येईन. दुसरा प्रश्न, हात कसे आहेत. मी उजवं मनगट दाखवलं. इतकी वर्षं सुरी धरून अंगठ्याची शीर धरलीय, दरवेळी खटका ओढून गोळी चढवायची म्हणजे डोळ्यांपुढे तारे. म्हणून मला ती आपोआप पुढची गोळी चढवणारी हवी होती. चाप एकदा दाबला की एकच गोळी, पण पुढची तिची ती तयार. आर्डिथनं मान हलवली, हे तिला पटलं. मग तिसरा प्रश्न. "ठेवणार कुठे?"

म्हटलं, "दाराआड. आणखी कुठे ठेवतात?"

तिनं काउंटरच्या काचेवरचे बोटांचे डाग पुसले. "मग आज तुला काही विकायचं नाही."

लॉयड फुगला. "आर्डिथ, तू दुकान चालवतेस की चर्च?" ती म्हणाली, "दोन्हीकडे माणसं खोटं बोलतात, लॉयड. इथे मी तोंडावर सांगते. तिला नात आहे. मी फोटो पाहिलाय, हिनंच दाखवला, पोस्टात, रांगेतल्या सगळ्यांना." मला असा राग आला! मी अशी बाहेर पडले की दाराची घंटा खाली पडली. ट्रकमध्ये बसून लॉयड आर्डिथला नावं ठेवत होता आणि मी हो हो करत होते. पण राग आर्डिथचा नव्हता गं. तो प्रश्न तिच्या तोंडून तुझा आला होता. तू सहा तास लांब बसून तिथल्या काउंटरवर उभी होतीस.

तेव्हा मी उलटं केलं. बंदुकीच्या आधी कपाट आणलं. लोखंडाचं, माझ्या छातीएवढं उंच, बटणांचं कुलूप. लॉयड म्हणाला, "आधी घोडा मग तबेला असतो, वहिनी." म्हटलं, "म्हणून तुझे घोडे पळतात." झोपायच्या खोलीत भिंतीतलं कपाट आहे ना, तुझ्या बापाचे कोट टांगलेले असायचे, तिथे बसवलं. कोट काढावे लागले. तीन वर्षं काढले नव्हते. चेकचा लोकरीचा ठेवलाय, त्याच्या खिशात अजून च्युइंगगमचे कागद आहेत, बाकी चर्चला दिले. लॉयडनं भिंतीतलं लाकूड शोधून लांब बोल्ट ठोकले, मग दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. घर हललं, कपाट हललं नाही. आपलं घर कारखान्यात बनून ट्रकवरून आलेलं, त्याच्या भिंती तुला माहीत आहेतच, पलीकडे कोणी शिंकलं तर अलीकडे देव भलं करो म्हणायचं. काडतुसांची पेटी वेगळी, तिचं कुलूप वेगळं. अंधारात, झोपेतून उठून, बोटांनी चाचपून मी कपाट उघडू शकते. डोळे बांधून करून पाहिलं. कुत्रा बघत होता, त्याला वाटलं म्हातारी गेली कामातून.

मग गुरुवारी खाणीत गेले. बटाट्याचं सॅलड घेऊन. केल्सी, तिथे कोण कोण असतं! बँकेतली बाई, पाद्र्याची बायको, आणि मिसेस हेगन. हो, तीच म्हातारी. खुर्ची टाकून, कानांवर ते आवाज अडवणारे मोठे डबे लावून, एकामागून एक पत्रा वाजवत होती. मी विचारलं, कसं वाटतं? ती ओरडून म्हणाली, "रेडिओपेक्षा बरं!" आर्डिथनं माझ्यासाठी तीन रायफली आणल्या होत्या. म्हणाली, दुकानात सगळ्याच शहाण्या दिसतात, निवडायची ती इथे. आधी लॉयडची लाडकी, काळी. हलकी आहे, खांद्याला धक्काही वाटला तेवढा नाही, खांद्याकडचा दस्ता मागेपुढे सरकवून माझ्या आखूड हातांना बसवता आला. पण आवाज! कानांवर डबे असून दात हलले. हा आवाज माझ्या त्या पुठ्ठ्याच्या घरात झाला तर चोराआधी मीच पडायची. दुसरी बारीक गोळीची, लाकडी दस्त्याची. गोड बंदूक. गोळ्या स्वस्त, धक्का नाही, दिवसभर उडवली तरी हात दुखणार नाही. लॉयड पत्र्यांपाशी उभा होता, त्याला कोणी बोलावलं नव्हतं, जेवणाच्या वासानं आला होता. म्हणाला, "चोर खारीएवढा असेल तर हीच घे." आर्डिथ म्हणाली, "शिकायला हिच्यासारखी नाही. घर राखायला मी हिला पहिली मानत नाही. पण जी उडवायला भीती वाटते तिच्यापेक्षा ही केव्हाही बरी." तिसरी मधली, पिस्तुलाची गोळी खाणारी, आखूड नळीची. धक्का बेताचा, आवाज बेताचा.

मी आर्डिथला विचारलं, ह्यातली कुठली गोळी भिंतीत अडते? तिनं कानावरचे डबे काढले. "एकही नाही. अडते म्हणून सांगणारा खोटारडा. म्हणून बंदूक निवडण्याआधी जागा निवडायची. तू घरात कुठे उभी राहशील, नळी कुणीकडे असेल, आणि त्या भिंतीपलीकडे कोण असेल?" म्हटलं, कोणी नाही, मी एकटी राहते. तिनं डबे गळ्यात अडकवले. मग मीच म्हटलं, माझी मुलगी आली तर तिच्या जुन्या खोलीत नात झोपेल. आर्डिथ म्हणाली, "मग तुला तुझं उत्तर मिळालं. त्या भिंतीकडे पाठ करून उभी राहा." घरी जाऊन मी उभी राहून पाहिलं. बोळाच्या टोकाला, तुझ्या खोलीचं दार पाठीशी, समोर मागचं दार, त्यापलीकडे सरपणाचा ढीग आणि डोंगराची माती. तीच जागा. आणि आर्डिथ म्हणते तसं, तिथून हलायचं नाही, चोराच्या मागे जायचं नाही, जनरेटर नेत असेल तर नेऊ दे. आधी ओरडायचं. ते मला शिकवावं लागणार नाही.

आता खरी गंमत. तिन्ही रायफलींनी मी एक पत्रा वाजवला नाही. एक! सगळ्या गोळ्या डावीकडच्या मातीत. मिसेस हेगन, जिला माझं तोंडही नीट दिसत नाही, ती टणाटण वाजवतेय आणि मी माती खणतेय. लॉयडला तर सणच. "वहिनी, चोराला सांग जरा डावीकडे उभा राहा." मी म्हटलं, तू राहतोस का? पण मला नवल वाटलं नव्हतं. मला नेम नाही हे घरात जगजाहीर. माझ्या बापानं मला लहानपणीच सांगितलं होतं, वांडा, तू भांडी घास. म्हणूनच तर मी आयुष्यभर दुसऱ्यांनी मारलेली जनावरं कापली, स्वतः एक मारलं नाही.

आर्डिथ मात्र हसली नाही. ती माझ्या समोर येऊन, बंदूक खाली ठेवायला लावून, माझ्या डोळ्यांकडे बघत राहिली, घोडा विकत घेताना बघतात तसं. म्हणाली, "दोन्ही हात लांब कर. तळवे एकावर एक, मध्ये छोटं भोक ठेव. त्या भोकातून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, ते पिवळं पडलेलं झाड बघ." खाणीच्या कडेला एकटं टॅमरॅक आहे, आत्ताच पिवळं पडायला लागलंय. बघितलं. "आता हात न हलवता डावा डोळा मीट." मिटला. झाड गेलं! नुसता माझा अंगठा. "आता उजवा मीट." झाड परत आलं, भोकाच्या मधोमध. मी परत केलं, परत केलं, बाकीच्या बायकाही बंदुका ठेवून करायला लागल्या, पाद्र्याची बायको झाडाला बाय बाय करत होती. आर्डिथ म्हणाली, "वांडा, तुझा हात उजवा आहे आणि डोळा डावा. नेम डोळा धरतो. उभा जन्म तू बंदूक चुकीच्या खांद्यावर घेतलीस. तुझ्या बापानं हात पाहिला, डोळा पाहिला नाही."

तिनं ती तिसरी रायफल घेतली. तिचं वैशिष्ट्य असं, की खटक्याची मूठ आणि रिकामी काडतुसं उडायची बाजू दोन्ही बदलता येतात, उजवीकडून डावीकडे. नाहीतर डाव्या खांद्यावरून उडवली की गरम काडतूस तोंडासमोरून जातं. तिनं तिथेच ट्रकच्या फळीवर कापड पसरलं, ती उघडली, दोन पिना काढल्या, बाजू फिरवली आणि परत बसवली. मी डाव्या खांद्यावर घेतली. दुसऱ्याच्या बुटात पाय घातल्यासारखं वाटलं. पहिली गोळी गेली. दुसरी गेली. मग नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी आपली आपण पत्र्यावर जाऊन बसली, मी काही केलं नाही, आणि टण्ण! केल्सी, तो आवाज! आणि परत टण्ण. मिसेस हेगननं काठी आपटली. लॉयड गप्प झाला. तो गप्प झाल्याचा आनंद मला पत्र्यापेक्षा जास्त झाला.

मग सगळ्या जेवायला बसल्या, माझ्या सॅलडची वाहवा झाली, आणि मी ताट खाली ठेवलं. मला ती निळ्या रुमालाची पट्टी आठवली.

तुला आठवते का? शेडच्या मागे, कुंपणावर डबे मांडून. तू बारा वर्षांची. तू गाल दस्त्यावर टेकवायचीस आणि मान अशी वाकडी व्हायची, पलीकडे. तुझा बाप म्हणायचा, "मान सरळ, कोंबडे!" मग त्यानं आपला निळा रुमाल तुझ्या डाव्या डोळ्यावर बांधला आणि काय, डबे पडायला लागले. एकामागून एक. रात्री जेवताना तो स्वतः मारल्यासारखा फुगून बसला होता. "पोरगी तयार झाली." हंगामात जंगलात जाताना त्यानं रुमाल खिशात घातला. म्हणाला, रानात दोन डोळे लागतात, तिला आता गरज नाही. मी बरोबर नव्हते. मला ते दोघांकडून कळलं, दोघांचं वेगळं वेगळं. कड्यावर हरिणी उभी होती, तू गोळी मारलीस, ती पोटात मागे लागली. अंधार पडेपर्यंत बर्फात रक्ताचे थेंब बघत तुम्ही फिरलात. शेवटी त्यानं तिला संपवलं. घरी येऊन तू मोरीपाशी उभी राहून हात धुतलेस, धुतलेस, धुतलेस, पाणी गार झालं तरी. आणि त्या थँक्सगिव्हिंगला लॉयडनं तो विनोद केला, "केल्सीला हरीण दाखवू नका, बिचाऱ्याचं पोट दुखतं." सगळे हसले. तू ताट घेऊन खोलीत गेलीस. तो विनोद पुढच्या वर्षीही आला, त्याच्या पुढच्याही. त्या दिवसापासून तू हरणाचं मांस तोंडात घातलं नाहीस, आणि मी तेच कापून तुला वाढवलं.

तुझा बाप तुला परत कधी घेऊन गेला नाही. तू समजलीस, त्यानं तुला टाकलं. मला तो अंथरुणात काय म्हणाला ते सांगते, आता तो नाही तर मीच सांगणार. म्हणाला, "पोरीला नेम नाही, आणि मन आहे. परत न्यायची नाही, तिला परत तसं व्हायला नको." त्याला वाटलं तो तुला वाचवतोय. तो वाईट नव्हता गं. त्यानंही हातच पाहिला.

घरी आल्या आल्या फ्रिजवरचा फोटो काढला. तू सहा वर्षांची, कोंबड्यांच्या खुराड्याच्या फळीतल्या गाठीच्या भोकातून आत बघतेयस, ढुंगण वर करून. इतकी वर्षं मी त्यातलं ढुंगणच बघून हसले. ह्या वेळी डोळा पाहिला. डावा. लॉयडला शेडमध्ये नेऊन फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं. तो बराच वेळ सुरीला धार लावत बसला, धार असलेल्या सुरीला. मग म्हणाला, "तिला सांग, तो हरणाचा विनोद मी परत करायचा नाही." एवढंच. लॉयडच्या तोंडून एवढं म्हणजे बायबल.

तर ती तिसरी रायफल मी निवडलीय. कागदपत्रं झाली, सरकारला माझ्याबद्दल काही वाईट सापडलं नाही, त्यांनी पोस्टात विचारायला हवं होतं. पण ती घरी नाही. आर्डिथच्या मागच्या खोलीत माझ्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलीय. मीच म्हटलं, राहू दे. तू ये, कपाट बघ, हलव, लाथ मार, जावईबापूंनाही लोंबकळायला सांग. बोळात मी उभी राहणार ती जागा बघ. तुला पटलं तर तुझ्यासमोर आणू, कुलपाचा आकडा तुझ्या हातानं घाल. नाही पटलं तर आर्डिथ ती दुसऱ्या कुणाला विकेल, मी दाराला जाड कडी लावेन आणि गुरुवारी तिच्याच रायफलींनी पत्रे वाजवेन. रुसणार नाही. म्हणजे रुसेन, पण दाखवणार नाही. दाराआडच्या कोपऱ्यात मी खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक खिळा मारलाय आणि त्यावर विनीचे लाल रबरी बूट टांगलेत. मोठे घेतलेत एक माप, पोरं थांबत नाहीत. थँक्सगिव्हिंगला टर्की करेन. हरीण टेबलावर येणार नाही.

पण हे पत्र त्यासाठीही नाही. ते सगळं मी फोनवर ओरडून सांगितलं असतं. हे फोनवर जमलं नसतं. तू दारात वळून विचारलंस ना, मला काय झालं ते तुला माहीत नाही का? नव्हतं माहीत, पोरी. गुरुवारी कळलं. आता असं कर, हा कागद खाली ठेव आणि खिडकीशी जा. तुझ्या तिथे एखादं झाड असेलच, नाहीतर दिव्याचा खांब घे. हात लांब कर, तळव्यांत भोक कर, दोन्ही डोळ्यांनी बघ, मग डावा मीट. झाड गेलं, तर समज की त्या दिवशी कड्यावर तू काही चुकलेली नव्हतीस. तुझा हात बापावर गेलाय. डोळा माझा आहे.

तुझीच, डावीकडून बघणारी,
आई